कापसातली काळी-पिवळी

रविवार, ५ एप्रिल

ही डायरी बियान्याच्या दुकानात फुकट भेटली. हिच्यात मी एकच गोष्ट लिहीत असते, कोनाची कोनती मस्करी केली ते. एकाच मानसावर तीच मस्करी दोनदा केली तं आपलीच इज्जत जाते. पन आज दुसरं लिहायचंय.

आज आमचा कापूस गेला. दिवाळीपासून शेडमधी पडून होता. व्यापाऱ्याचा टेम्पो आला, चार मानसं सकाळपासून कापूस उपसत होती. दुपारून कापसातून एक आरसा निघाला. मंग पिवळं छत. मंग आमची जीप.

ही जीप म्हन्जे काळी-पिवळी. माझ्या बापानं, अण्णांनी, बावीस वर्सं राजूर ते जालना शिटा मारल्या तिच्यावर. दिवाळीला एक दिवस गाडी शेडमधी घातली अन् म्हनले, "कापसाला भाव येऊ दे, मंग काढू." तिच्याभोवती कापूस रचला. जागा पुरली न्हाई तं गाडीच्या आतबी भरला, पार स्टेरिंगपर्यंत. कापूस घरात सगळं केदारखेडा गाव ठेवतं. गाडी कापसात ठेवनारं घर आमचं एकलंच.

टेम्पोवाला मानूस म्हनला, "मालक, हिचंबी वजन करू का?"

मी म्हनले, "करा, पन ओलावा कापू नका."

सगळे हसले. अण्णा न्हाई हसले. व्यापाऱ्याची हिशोबाची पट्टी माझ्या हातात देऊन म्हनले, "वाच गं पिऊ, ऊन लई डोळ्यावर येऊन राह्यलं." उभे सावलीत होते.

मंगळवार, ७ एप्रिल

आज रामप्रसाद घरी आल्ता. राजूरच्या स्टँडवर अकरा गाड्या हायत अन् अकरा नंबर. आमचा चार. रामप्रसादनं नवीन गाडी घेतलीय, पन त्याला नंबर न्हाई. कोनाचा नंबर मोकळा झाला तरच भेटनार. म्हनून तो दर पंधरा दिवसाला सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करत फिरतो.

चहा पिता पिता म्हनला, "बद्रीनाथभाऊ, अंगारकी आली. पाच मे. नियम तुमीच बनवल्याला हाय, मला नका नावं ठेवू."

नियम असा की, अंगारकीला जी गाडी लायनीत दिसली न्हाई तिचा नंबर गेला. त्या दिवशी राजुरेश्वराला एवढी गर्दी असते की एक गाडी कमी पडली तरी लोकं स्टँडवाल्यांना शिव्या देतेत. म्हनून हा नियम.

अण्णा म्हनले, "बघू."

आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हनली, "बघू काय बघू. नंबर गेला की गाडी भंगारात. त्या शेडमधी मी म्हैस बांधीन. म्हैस निदान दूध देते."

मला वाटलं अण्णा भांडतील. अण्णा उठून हात धुवायला गेले. अन् रामप्रसाद भिंतीला टेकून उभा होता तं त्याला ओलांडताना म्हनले, "राध्या, सरक जरा." राध्या म्हन्जे माझा दादा, राधेश्याम. तो जालन्याला स्टीलच्या कंपनीत ड्युटीवर होता. रामप्रसादनं माझ्याकडं बघितलं. मी म्हनले, "तुमी तरुन दिसायला लागले काका." लई खुश झाला.

पन मला झोप येईना. चार नंबर म्हन्जे अण्णांचं नावच हाय. बाजारात लोकं बद्रीनाथ म्हनत न्हाईत, 'चार नंबर' म्हनतेत. म्हशीला कोन चार नंबर म्हनन.

गुरुवार, ९ एप्रिल

मी ठरवलं. गाडी मी काढनार.

बारावी मी दोनदा इंग्रजीत नापास हाय, पन पाना हातात आला की मला सगळं समजतं. ट्रॅक्टर चौदाव्या वर्षी शिकले. लायसन अण्णांनी मागच्याच साली काढून दिलं, आई नको म्हनत असताना. पासिंग अन् विमा अजून चालू हाय, ते कागद मी डब्यातून काढून बघितले.

धम्मपाल मिस्त्रीला फाट्यावरून बोलवून आनलं. त्यांनी बॉनेट उघडलं अन् खाली बसले. म्हनले, "पोरी, ही गाडी हाय का गादी?"

उंदरांनी एअर फिल्टरमधी कापसाचं घर केल्तं. आत सहा पिल्लं. शेंगांचे टरफलं. एका बाजूला गादी, एका बाजूला किचन, टू बीएचके. वायरी पन खाल्ल्या, निवडून. लाल वायर सगळी खाल्ली, काळीला तोंड लावलं न्हाई.

बॅटरी मेली. चारी टायर बसलेले. ब्रेकच्या तेलाच्या जागी काळं पानी. डावं मागचं चाक फिरंना.

"अंगारकीपर्यंत होईल का?"

"होईल. पन रोज कोनीतरी हाताखाली पायजे."

"मी हाय की."

"तू हाताखाली न्हाई, डोक्यावर बसशील," मिस्त्री म्हनले. तरी हो म्हनले.

रविवार, १२ एप्रिल

दादाला सुट्टी होती. पांढरा शर्ट घालून खाटंवर बसून आम्हाला अक्कल शिकवत होता. "काळी-पिवळी चालवनं आता इज्जतीचं काम न्हाई. विका. मला मोटरसायकल घेऊन द्या."

मी म्हनले, "दादा, लायटीची हवा संपली. राजूरहून अर्धा लिटर घेऊन येशील का? मिस्त्रीचे हात खराब हायत."

मिस्त्रींनी मान खाली घातली अन् म्हनले, "पिवळ्या लायटीची मागजो. पांढरीची चालत न्हाई."

गेला. राजूरला तीन दुकानं फिरला. तिसऱ्या दुकानदारानं मिस्त्रीला फोन केला अन् मिस्त्री त्याला म्हनले, "संपली सांगा, भोकरदनला पाठवा." भोकरदनहून दादा साडेचारला आला. माझ्याशी बोलला न्हाई. मिस्त्रीशी पन न्हाई. नोंद: दादा, लायटीची हवा, १२ एप्रिल. परत करायची न्हाई.

मंगळवार, १४ एप्रिल

धम्मपाल मिस्त्रींची आज सुट्टी, जयंती हाय. मी एकलीनंच चाकाचा ड्रम खोलायला बसले. एक नट काही केल्या निघंना. पाना बसत नव्हता. अण्णा जवळ येऊन बसले, नटावरून नुसतं बोट फिरवलं अन् म्हनले, "हा तेराचा न्हाई, चौदाचा हाय. मीच बदलल्ता."

चौदाचा पाना लावला, झटक्यात निघाला. अण्णांच्या बोटालाच डोळे हायत. मिस्त्रीला टॉर्च लागते, अण्णांना तीपन लागत न्हाई.

गुरुवार, १६ एप्रिल

गाडी चालू झाली.

धक्का मारायला गल्लीतली सगळी पोरं. आई दारात. दादा नेमका पांढरा शर्ट घालून मागं उभा राहून मोबाईलमधी शूटिंग घेत होता. मी चावी फिरवली. पहिल्यांदा खोकली. दुसऱ्यांदा शिंकली. तिसऱ्या टायमाला सायलेन्सरमधून सगळा काळा कापूस बाहेर आला, एकदम, पिचकारीसारखा. दादा आता झेब्रा. शूटिंग बराबर आलंय, मी गल्लीतल्या सगळ्यांना पाठवलं.

ही मस्करी मी केलेली न्हाई. उंदरांची. पन नोंद करून ठेवते.

अण्णा आवाज ऐकत उभे होते. डोळे मिटून. मी विचारलं, "कसा हाय आवाज?" म्हनले, "पहिल्यासारखा." अन् घरात निघून गेले. खुशीनं गेले असतील.

शनिवार, १८ एप्रिल

सकाळी गाडी चालू होईना. बघितलं तं बॅटरीची वायर सुटलेली. मी कालच आवळली होती. मला पक्कं आठवतंय.

हे दादाचं काम. बदला घेऊन राह्यला.

त्याच्या बुटात मी शेन भरलं. दादा म्हनला, "मी वायरीला हात लावला असंल तं माझे हात सडतील." मी म्हनले, "पाय आधी सडले बघ." आईनं दोघांनाबी मारलं, म्हन्जे तिच्या हाताला सापडलो तेवढं.

सोमवार, २० एप्रिल

आज डिझेलच्या पायपाचा नट ढिला. पायपात हवा धरली. मिस्त्री अन् मी दोन तास हवा काढत बसलो. दादा कालपासून रात्रपाळीला जालन्याला हाय, म्हन्जे तो न्हाई. मंग कोन?

रामप्रसाद. दुसरं कोन असनार. नंबर त्यालाच पायजे.

मिस्त्री म्हनले, "पोरी, ज्यानं हे केलं त्याला गाडी म्हाईत हाय. नुकसान काहीच केलं न्हाई त्यानं. नुसतं थांबवलंय."

मिस्त्री सरळ मानूस हाय. त्याला रामप्रसादची अक्कल म्हाईत न्हाई.

मी सापळा लावला. बॉनेटच्या खटक्याला खालून जळकं ऑईल फासून ठेवलं. जो हात लावंल त्याचे हात काळे. ते ऑईल दोन दिवस निघत न्हाई.

मंगळवार, २१ एप्रिल

आज फॅन बेल्टच गायब.

मी सकाळीच सायकल काढून राजूरला गेले. रामप्रसादला म्हनले, "काका, हात दाखवा."

"काहून?"

"भविष्य बघून राह्यले."

हात साफ होते. धुवून बसला असंल, लबाड. तरी मी त्याला सांगितलं की तुमच्या हातावर नंबरची रेषाच न्हाई.

घरी आले तं अण्णा ओट्यावर चहा घेत होते. कप धरलेला हात कोपरापर्यंत काळा. मला लई भरून आलं. बिचारे अण्णा. आम्ही झोपल्यावर उठून एकलेच गाडी तपासत असतील. वरून दाखवत न्हाईत, पन जीव हाय त्यांचा गाडीवर. मी साबन अन् रॉकेल आनून दिलं. म्हनले, "अण्णा, सापळ्याला तुमीच सापडले."

अण्णा बराच वेळ हात चोळत बसले.

नवीन बेल्ट मिस्त्रींनी आनला. तो मी रोज झोपताना उशाखाली घेते.

शुक्रवार, २४ एप्रिल

हॉर्न, लायटी, सगळ्या वायरी मी जोडल्या. एक चूक झाली. ब्रेक दाबला की हॉर्न वाजून राह्यला. मिस्त्री दुरुस्त करू म्हनले. मी म्हनले एक दिवस राहू द्या. मंग गावात एक चक्कर मारली अन् प्रत्येक दारापुढं ब्रेक मारला. सगळ्या मानसांची नावं लिहायला ह्या पानावर जागा न्हाई.

अण्णा चकरेला आले न्हाईत. म्हनले गुडघा दुखतो.

रविवार, २६ एप्रिल

आज आईनं नारळ फोडला. म्हनली, "आता तुमी काढा गाडी. पोरगी कव्हापर्यंत काढन." सगळी गल्ली बघत होती. अण्णा स्टेरिंगवर बसले. चावीला हात लावून बसूनच राह्यले. मंग मला म्हनले, "पिऊ, तू बाजूला बस. आज तुझी परीक्षा घेतो. मला रस्त्यावरचं सगळं सांगायचं. काय येतंय, कुठून येतंय. ड्रायव्हरनं कसं बघावं ते कळंल तुला."

असली परीक्षा मला आवडते, इंग्रजी नसते तिच्यात.

"डावीकडं बैलगाडी."

"पुढं?"

"मोटरसायकल, तिघं बसलेत, मधला मोबाईल बघतोय."

"कामापुरतं सांग."

"खड्डा, उजवीकडं. आता सरळ. एसटी येऊन राह्यली, लांब हाय."

अण्णा काय गाडी चालवतेत. गिअर कव्हा टाकला ते कळतच न्हाई. मी दहापैकी दहा घेत होते. राजूरच्या अलीकडं माझा फोन वाजला. दादाचा. मी खाली बघितलं, एवढंच.

अर्ध्या रस्त्यावर कांद्याचे डोंगळे, म्हन्जे बियाचे गोंडे, वाळत घातले होते, बियान्यासाठी घालतेत तसे. त्यांच्या मधी एक म्हातारी बसली होती. मातीच्या रंगाचं लुगडं. डोंगळे हलवत होती, आमच्याकडं पाठ. अण्णा सरळ जात होते. वेगात न्हाई, पन सरळ. तिच्यावरच.

मी हँडब्रेक ओढला. गाडी आडवी झाली. म्हातारीपासून चार हात.

म्हातारी उठली, आमच्याजवळ आली अन् अण्णांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हनली, "आंधळा हायस का रं?"

अण्णा तिच्या आवाजाकडं बघत होते. तिच्याकडं न्हाई.

गाडी मी घरी आनली. 

सोमवार, २७ एप्रिल

काहीच लिहू वाटत न्हाई.

मंगळवार, २८ एप्रिल

दोन दिवस मी नुसती बघून राह्यले. अण्णा पायरी पायानं चाचपतेत. पैसे अंगठ्यानं मोजतेत. आईला हाक मारायच्या आधी ती बोलायची वाट बघतेत. हे सगळं मी रोज बघत होते अन् मला काहीच दिसलं न्हाई. मंग आंधळं कोन होतं घरात.

सांगितलं तं नंबर जातो. न्हाई सांगितलं तं एखादं मानूस जातं. मी ह्या डायरीत एवढ्या वर्साच्या मस्कऱ्या लिहिल्या, त्याच्यात एकपन अशी न्हाई की जिच्यात कोनी मरन.

आज सकाळी अण्णांना पेपर दिला. उलटा. मुद्दाम.

अण्णांनी उघडला. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. म्हनले, "काही खास न्हाई आज."

मस्करी बराबर बसली होती. मला हसू आलं न्हाई.

"अण्णा, पेपर उलटा हाय."

अण्णांनी पेपर घडी केला. चांगला, कोपऱ्याला कोपरा लावून. आई पान्याला गेल्ती, घरात दोघंच होतो.

"कव्हापासून?" मी विचारलं.

"डावा दोन वर्सं झाले. उजवा दसऱ्यापासून. दिवाळीत जालन्याहून येऊन राह्यलो होतो, चौदा शिटा होत्या. समोर लायट आली. मला वाटलं मोटरसायकल हाय, ती निघाली ट्रक. ट्रकवाल्यानं वाचवलं, मी न्हाई. दुसऱ्या दिवशी गाडी कापसात घातली."

"मंग दवाखान्यात काहून न्हाई गेले?"

"माझ्या बापाचा डोळा शिबिरात गेल्ता. होता तेवढा उजेडबी गेला. म्हनलं, हाय तेवढा राहू दे."

मी म्हनले, "बॅटरीची वायर?"

"मी."

"डिझेलचा नट?"

"मी. बेल्ट ज्वारीच्या कोठीत हाय." मंग म्हनले, "तू एवढ्या जल्दी दुरुस्त करत होती की मला सुचंना काय काय खोलावं. गाडी चालू झाली की मला चालवावी लागनार होती ना."

बावीस वर्सं ज्या मानसानं एक नट ढिला राहू दिला न्हाई, त्यानं स्वतःच्या हातानं खोलले. मला राग यायला पायजे होता. मला आलं ते रडू, पन तेवढ्यात अण्णा म्हनले, "राध्याच्या बुटात शेन तू भरलं होतं ना? ते माझ्यामुळं. माफी माग त्याची." अन् आम्ही दोघंबी असे हसत बसलो की आई हंडा घेऊन दारातच उभी राह्यली. म्हनली, "काय झालं?"

अण्णांनीच सांगितलं तिला. आईनं हंडा खाली ठेवला. म्हनली, "मला वाटत होतं तुमी माझ्याकडं बघत न्हाई ते म्हातारी झाले म्हनून." मंग पदरानं तोंड पुसून म्हनली, "उद्याच जालन्याला. चर्चा न्हाई."

बुधवार, २९ एप्रिल

जालन्याला डोळ्याचा दवाखाना. डॉक्टरीनबाई लई बारीक, कॉलेजातली पोरगी वाटली. अण्णांना म्हनली, "काका, मोतीबिंदू आहे. दोन्हीकडं. पिकून पिकून दगड झालाय. एवढे दिवस काय करत होता?"

अण्णा म्हनले, "कापसाला भाव येऊन राह्यला होता."

आजोबांचं सांगितलं तं बाई म्हनल्या, तो काळ वेगळा होता, आता वीस मिनिटाचं काम. आधी उजवा, महिन्यानं डावा. अण्णांनी माझा हात धरला होता. सोडंनात. मंग मीच म्हनले, "अण्णा, तुमी आत जा. चार नंबर मी धरून ठेवते."

"कोन, तू?"

"नियम गाडीचा हाय. ड्रायव्हरचं नाव न्हाई त्यात. तुमीच बनवला ना?"

अण्णा विचार करत होते. बनवताना चूक झाली का काय ते बघत असतील.

"शिटा भरशील का?"

"भरीन."

"घाटाच्या वळनाला दोन नंबरच्या गिअरमधी यायचं."

"म्हाईत हाय."

"म्हाईत हाय न्हाई म्हनायचं. बरं म्हनायचं."

"बरं."

गुरुवार, ३० एप्रिल

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. दादानं ड्युटी बदलून घेतली, रात्रभर दवाखान्यात थांबला. मी त्याची माफी मागितली, खरीखुरी. तो म्हनला, "ह्याच्यात काय मस्करी हाय?" विश्वासच बसंना त्याचा. दोनदा बूट झटकून बघितले.

शुक्रवार, १ मे

पट्टी काढली. अण्णांनी पहिल्यांदा आईकडं बघितलं. बराच वेळ. मंग माझ्याकडं. म्हनले, "ही एवढी काळी कव्हा झाली?"

आई म्हनली, "गाडीखाली."

डॉक्टरीनबाईंनी काळा चष्मा दिला. महिनाभर गाडी चालवायची न्हाई, धूळ न्हाई, वाकायचं न्हाई. घरी आल्या आल्या अण्णांनी गाडीभोवती फेरी मारली अन् वायरींची जोडनी बघून म्हनले, "दिसत नव्हतं तेच बरं होतं." सगळ्या वायरी परत माझ्याकडून जोडून घेतल्या. ब्रेक दाबला की आता हॉर्न वाजत न्हाई.

सोमवार, ४ मे

गाडी धुतली. पिवळं छत घासलं. गाडीच्या फटीत अजूनबी कापूस निघून राह्यला, एक उशी भरली.

मला भेव वाटून राह्यलं. गाडीचं न्हाई. गाडी मला येते. स्टँडवर अकरा मानसं अन् मी. कोनी म्हनलं की पोरीच्या गाडीत बसत न्हाई, तं मी काय मस्करी करनार त्याच्यावर. शिटाच न्हाई भरल्या तं लायनीत उभी राहून गाडी काय कामाची.

मंगळवार, ५ मे, अंगारकी

पहाटं चारला निघालो. अण्णा बाजूला, काळा चष्मा, वरून उपरनं गुंडाळलेलं. आई नको म्हनत होती. अण्णा तिला म्हनले, "चालवत न्हाई. नुसता बसतो."

राजूरला पाय ठेवायला जागा न्हाई. मी गाडी चार नंबरच्या जागेवर लावली. माझ्या पाठीमागनं अण्णा उतरले. रामप्रसादची गाडी आधीच शेजारी तोंड घालून उभी होती.

"हे काय हाय भाऊ," रामप्रसाद म्हनला. "ड्रायव्हर कुठं हाय?"

"तुमच्यासमोर," मी म्हनले.

"स्टँड हाय हे पोरी. मेळा न्हाई."

सगळे जमले. रामराव स्टँडचे सगळ्यात जुने, त्यांचा नंबर एक. त्यांनी माझं लायसन मागितलं, लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. अण्णा त्यांना म्हनले, "रामराव, जालन्याला चांगल्या डॉक्टरीनबाई हायत. पत्ता देतो."

रामराव हसले. म्हनले, "नियम गाडीचा हाय. गाडी आली. चार नंबर चालू."

रामप्रसाद म्हनला, "चालू करा. शिटा कोन बसतंय ते बघू."

तीन गाड्या भरून गेल्या. माझा नंबर आला. मी दार उघडून उभी. मानसं येत, माझ्या हातातल्या चावीकडं बघत, पुढच्या गाडीकडं जात. एक आला, दोन आले, पाच आले, गेले.  अण्णा चष्म्याआडून काय बघत होते देव जाने.  मला वाटलं त्यांनी काहीतरी बोलावं.

मंग पाच-सहा बायांचं टोळकं आलं. रातभर चालत आलेल्या, दर्शन उरकून परत निघालेल्या, पायाला फोड, हातात प्रसादाच्या पिशव्या. एकीनं माझ्याकडं बघितलं, स्टेरिंगकडं बघितलं अन् पाठीमागं ओरडली, "ओ वंदना, इकडं ये. इथं ड्रायव्हर पोरगी हाय. पाय लांब करून बसता येतं."

अर्ध्या मिनिटात गाडी भरली. सगळ्या बाया. एक आजीबाई अण्णांना म्हनल्या, "दादा, तुमी मागं बसा, पुढं मला बसू द्या." अण्णा मागं गेले, दोन पिशव्या मांडीवर घेऊन. रामप्रसाद बघत होता. मी त्याला म्हनले, "काका, तुमचीबी पोरगी मोठी झाली की सांगा, शिकवते."  चार फेऱ्या झाल्या. चारी बायांनीच भरल्या. घाटाच्या वळनाला मी दोन नंबरच्या गिअरमधी आले. मागून अण्णांचा आवाज आला न्हाई, म्हन्जे बराबर आले असंल.

जालन्याच्या स्टँडवर चहावाल्याचा एक रिवाज हाय. ड्रायव्हरला चहा फुकट, बाकीच्यांनी पैसे द्यायचे. बावीस वर्सं अण्णांना फुकट. चौथ्या फेरीला आम्ही टपरीवर गेलो. चहावाल्यानं अण्णांना बघून कप त्यांच्यापुढं ठेवला. म्हनला, "चार नंबर, लई दिवसांनी. चष्मा भारी हाय."

अण्णांनी तो कप माझ्यापुढं सरकवला. खिशातून दहाची नोट काढली. काळा चष्मा वर करून, दोन्ही बाजूनं नीट बघून घेतली. चहावाल्याला म्हनले, "फुकटचा हिला. माझे पैसे घे."

चहा नुसतं गरम पानी होतं, साखर पन विसरला होता. मी बशीतला पन पिले.